शिक्षक भरतीची मुलाखत आणि आपली बोली

शिक्षक भरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवरून ‘मुलाखतीसह’ होणाऱ्या भरतीत खासगी संस्था मुलाखत आणि अध्यापन कौशल्य यांसाठी मिळून 30 गुण देतात. या 30 गुणांच्या धास्तीने वऱ्हाडातले, खानदेशातले, मराठवाड्यातले, कोल्हापूरकडचे कितीतरी उमेदवार बोलण्याची पट्टीच बदलतात. तिथेच घात होतो. हेल दाबायला गेलं की वेग मंदावतो, वाक्यं अर्धवट तुटतात आणि विषय येत असूनही माणूस अडखळतो.

हेल बदलू नका. मुलांच्या लिहिण्यावर परिणाम करणारे उच्चार मात्र पक्के करा, आणि ते फार थोडे आहेत.

पहिला न आणि ण. ‘सण’ आणि ‘सन’, ‘मण’ आणि ‘मन’ यांत अर्थच बदलतो. ण जमत नाही असं वाटत असेल तर ‘घंटा’ म्हणा. त्यातल्या अनुस्वाराचा उच्चार ण असतोच. ट यायच्या आधी जीभ टाळूवर मागे वळून टेकलेली असते. तिथेच थांबा आणि टऐवजी थेट ‘आ’ सोडा. झाला ‘णा’. मग पाणी, आणि, कोण. उलटी चूकही होते: सवय लागली की ‘मन’चं ‘मण’ होतं, म्हणून जोडीचे शब्द एकत्रच म्हणा.

ळचंही तसंच. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, तर किनारपट्टीवरच्या काही बोलींत ळचा ल. ‘माळ’ आणि ‘माल’ आलटूनपालटून म्हणा. श-ससाठी ‘शाल’ आणि ‘साल’. ष वेगळा काढायच्या फंदात पडू नका. आज बहुतेक मराठी माणसं तो शसारखाच उच्चारतात. चौथीच्या पुस्तकातला एक उतारा मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐकताना चुकलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तेवढेच शब्द पुन्हा म्हणा.

क्रियापदांचं म्हणाल तर ‘करून राहिलो’, ‘करायलाव’ ही रूपं पाठ घेताना टाळा, कारण मुलं ती तशीच वहीत उतरवतात. मुलाखत समितीशी गप्पांच्या ओघात एखादं आलं तर बिचकू नका, माफीही मागू नका.

पाठ घेताना बोली हे तुमचं बळ आहे. मूल म्हणालं, “बा वावरात गेला,” तर “असं नाही म्हणायचं” हे वाक्य तोंडून निघू देऊ नका. “बरोबर, वावरात गेला. पुस्तकात वावराला काय म्हटलंय, शोधा बरं,” असं म्हणा आणि फळ्यावर वावर, शेत हे दोन्ही शब्द शेजारी लिहा. समितीने कारण विचारलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 सांगा: शक्य तितकं शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं, असं त्यात म्हटलं आहे. अहिराणी घरातल्या मुलाची मातृभाषा अहिराणीच असते.

समितीत बसणाऱ्यांनाही एक विनंती. ‘भाषा शुद्ध नाही’ असा मोघम शेरा मारून गुण कापू नका. तो बहुतेक वेळा हेलावरच असतो. त्यापेक्षा उमेदवाराला वर्गात पाच वाक्यांचं श्रुतलेखन घ्यायला सांगा. त्यात सण, सन, माळ, माल, शाल, साल हे शब्द घाला आणि मागच्या बाकावरच्या मुलांच्या वह्या बघा. शब्द बरोबर उतरले असतील तर उच्चाराचे गुण पूर्ण द्या.