शिक्षा संपली, सुटका अडली

आमचा पक्ष लहान आहे. लोकसभेत बोलण्याची वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार ठरत असल्याने परराष्ट्र धोरणावरील चर्चेत आमच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. त्यामुळे पक्षाने परराष्ट्र व्यवहार आणि मानवी हक्क हे विषय माझ्याकडे सोपवले, तेव्हापासून माझी भिस्त भाषणांपेक्षा लेखी प्रश्नांवर अधिक आहे. प्रश्नोत्तराच्या दिवशी लेखी उत्तरासाठी कमाल 230 प्रश्न घेतले जातात, त्यांचा क्रम सोडतीने ठरतो आणि सोडतीत पक्षाचा आकार विचारात घेतला जात नाही.

एके दिवशी एका मच्छीमाराची पत्नी तिच्या दिराला घेऊन भेटायला आली. कच्छजवळच्या, भारत-पाकिस्तान सीमेवरील सर क्रीक या वादग्रस्त खाडीच्या परिसरात पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने पकडलेल्या बोटीवर तिचा नवरा खलाशी होता आणि तेव्हापासून तो कराचीच्या मलीर तुरुंगात होता. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून शिधापत्रिकेची झेरॉक्स आणि सुटून आलेल्या एका खलाशाबरोबर नवऱ्याने पाठवलेली, घड्यांवर फाटलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "ताई, शिक्षा तर कधीच संपली म्हणतात. मग त्यांना सोडत का नाहीत?" एवढेच तिने विचारले.

कायद्याने पाहिले तर तिचा प्रश्न बिनतोड होता. समुद्राच्या कायद्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील कलम 73 नुसार, संबंधित देशांत तसा वेगळा करार नसेल तर अनन्य आर्थिक क्षेत्रातील (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या, जिथे मासेमारीचा हक्क किनारी देशाचा असतो अशा समुद्रातील) मासेमारीच्या गुन्ह्यासाठी तुरुंगवास देता येत नाही. हा करार भारताने 1995 मध्ये आणि पाकिस्तानने 1997 मध्ये मान्य केला आहे. शिवाय दोन्ही देशांतील 2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते, आणि शिक्षा पूर्ण होऊन राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाली की महिन्याभरात कैद्याला मायदेशी पाठवायचे असते. मी परराष्ट्र मंत्रालयात फोन लावला, तेव्हा ही खातरजमाच झालेली नाही, असे कळले.

दुपारभर फोनाफोनी केल्यावर उलगडा झाला. बोट गुजरातच्या बंदरात नोंदलेली असल्याने पडताळणीचा कागद तिकडच्या जिल्ह्यात गेला होता. माणूस मात्र महाराष्ट्राचा. गुजरातमधल्या त्या कार्यालयाने "सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून कागद परत पाठवला आणि त्यानंतर त्याचा पाठपुरावा कोणीच केला नाही. आपल्या किनारपट्टीवरचे हजारो खलाशी दुसऱ्या राज्यातील बोटींवर जातात, हे ज्या यंत्रणेला ठाऊक असायलाच हवे तिनेच हे करावे, याचा मला अतिशय संताप आला.

एका सहकाऱ्याने पाकिस्तानचा निषेध करणारे पत्रक काढण्याची सूचना केली. मी नकार दिला. मच्छीमारांना तुरुंगात डांबणे निषेधार्हच आहे, पण तसेच पाकिस्तानी मच्छीमार आपल्याही तुरुंगांत आहेत, आणि मानवी हक्कांची भाषा दोघांसाठी सारखी वापरायची नसेल तर ती वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. त्यातही या प्रकरणात गाडे अडले होते ते आपल्याच कागदावर.

शिधापत्रिका आणि मतदार यादीतील नोंद जोडून त्याच संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पत्र गेले. पडताळणीचा अहवाल निघाला आणि पुढे वाघा सीमेवरून परतलेल्या तुकडीत तो होता. त्यानंतरच्या अधिवेशनात मी लेखी प्रश्न विचारला: शिक्षा संपूनही केवळ खातरजमेअभावी तिकडे किती भारतीय आणि इकडे किती पाकिस्तानी मच्छीमार अडकले आहेत, आणि प्रत्येकाचा कागद नेमका कोणत्या टप्प्यावर आहे? उत्तरात दोन्ही याद्यांतील एकूण आकडे आले. कागद कोणत्या टप्प्यावर रखडले आहेत, याचा तपशील आला नाही. तेवढ्यापुरता स्वतंत्र प्रश्न मी आता पुन्हा दिला आहे, आणि त्यात राज्यनिहाय माहिती मागितली आहे.