गुण सापडला, तरी वाण यायला इतका वेळ का?

'जनुकपेढीत भाताची लाखावर वाणं जपून ठेवलीत, मग हवा तो गुण उचलून चांगल्या वाणात घालायला इतकी वर्षं का?' तुम्ही विचारलंत म्हणून एकाच वाणावरून सांगतो: स्वर्णा-सब१, म्हणजे स्वर्णा या लोकप्रिय भातात पूर सहन करण्याचं सब१ हे जनुक घातलेलं वाण.

हे जनुक ज्यातून घेतलं ते ओडिशाचं भाताचं वाण एफआर१३ए पूर्ण बुडालं तरी दोन आठवडे तग धरतं. पाण्याखाली उंच वाढण्यात ते साठवलेली साखर उधळत नाही. पण पीक कमी, म्हणून तेच लावा म्हणून भागत नाही. या गुणाची जागा नवव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९६ मध्ये कळलं. भारतात स्वर्णा-सब१ प्रसारित झालं २००९ मध्ये.

मधला बराच वेळ जातो तो नको ते काढून टाकण्यात. संकरित रोपाचा पुन्हा स्वर्णाशीच संकर करायचा, तो बॅकक्रॉस. अशा प्रत्येक बॅकक्रॉसला दात्याचा, म्हणजे एफआर१३ए चा, वाटा सरासरी निम्मा होतो: २५ टक्के, १२.५, ६.२५. हे झालं इतर गुणसूत्रांचं. हव्या जनुकाच्या आजूबाजूचा तुकडा मात्र चिकटून येतो. मार्कर (जनुक ओळखायची डीएनएवरची खूण) न वापरता सहा बॅकक्रॉस केले तरी तो सरासरी ३० सेंटिमॉर्गनच्या (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक) आसपास उरतो.

म्हणून रोपं भरपूर लागतात. २०० रोपांत साधारण १०० मध्ये जनुक असतं. त्यातल्या दोनेक रोपांतच जनुकापासून २ सेंटिमॉर्गनच्या आत तुकडा तुटलेला सापडतो, तोही एका बाजूने. दोन्ही बाजू एकदम तुटण्याची वाट बघू नये. एक बाजू या पिढीत, दुसरी पुढच्या. वीस-पंचवीस रोपांवर काम उरकणारे इथेच अडकतात.

संकराचं काम नाजूक. संध्याकाळी स्वर्णाच्या फुलाचा वरचा तिसरा हिस्सा कापून सहाही परागकोष काढायचे, लोंबीवर पिशवी चढवायची आणि सकाळी पराग टाकायचे. एक परागकोष राहिला तर स्वपरागण होतं, आणि ते रोप हुबेहूब स्वर्णासारखं दिसत असल्याने डोळ्यांना पटकन कळत नाही. मार्करने लगेच उघडं पडतं.

एवढं करूनही शेजारचं एक जनुक आलंच: स्वर्णाचं सोनेरी तूस स्वर्णा-सब१ मध्ये फिकट झालं. चवीला त्याने काही होत नाही, उलट दोन्ही बियाणी वेगळी ओळखता येतात.

आणि 'पूर सहन करणारं' म्हणजे कुठल्याही पाण्यात चालेल असं नाही. पेरल्यावर बी बुडालं तर हे जनुक कामाचं नाही. महिनाभर गुडघा-मांडीएवढं पाणी साचणाऱ्या शेतात तर हे नकोच. तिथे उंच वाढणारं वाण लागतं. पूर ओसरल्यावर युरिया लगेच टाकू नका, नवी पानं फुटू द्या.