सांगलीच्या पाण्याच्या वाटेने: सातारा ते बामणोली, सायकलवर

सांगलीच्या आसपास सायकल चालवणाऱ्याला चढ शोधावा लागतो. माझी रोजची सकाळची फेरी हरिपूरपर्यंतची, जिथे वारणा कृष्णेला मिळते. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता पाटासारखा सपाट. बारा वर्षं हीच फेरी मारल्यावर एक दिवस मनात आलं की हे पाणी रोज वाहत इथवर येतं, आपण एकदा उलट दिशेने त्याच्याकडे का जाऊ नये? म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सायकल घेऊन साताऱ्याला आत्याकडे गेले.

सातारा ते कोयनेच्या जलाशयाकाठचं बामणोली हे अंतर साधारण ३५ किलोमीटर. जाऊन-येऊन सत्तर. सपाटीवर सत्तर किलोमीटर मी नाश्त्याच्या आधी उरकते, इथे मात्र सबंध दिवस हाताशी ठेवला.

सकाळी सहाला राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे निघाले. थंडी होती, बोटं ब्रेकवर आखडत होती. बोगद्यापाशी दोन रस्ते फुटतात. एक बोगद्यातून पलीकडे सज्जनगड, ठोसेघरकडे जातो आणि दुसरा उजवीकडे यवतेश्वरचा घाट चढू लागतो. साताऱ्यातली धावणारी मंडळी याच घाटात सराव करतात. हिल हाफ मॅरेथॉनचा चढही हाच. त्या दिवशीही दहा-पंधरा जण भेटले आणि प्रत्येकाने हात वर केला.

दोन वर्षांपूर्वी हाच घाट मी ईर्ष्येने चढले होते. पुढे एक मुलगा होता, त्याला गाठायचं म्हणून उभी राहून पेडल मारत वर आले आणि पठारावर पोचायच्या आतच दोन्ही मांड्यांत पेटके आले. रस्त्याच्या कडेला बसून शेवटी परत फिरावं लागलं, बामणोली राहूनच गेली. तेव्हा मला वाटलं होतं की घाट संपला की काम संपलं. खरं काम घाटानंतर असतं हे तेव्हा माहीत नव्हतं.

या वेळी मागे ३४ दातांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, बसवून आणली होती. पुढची लहान चकती, मागची सगळ्यांत मोठी, आणि श्वास असा की शेजारी कुणी असतं तर बोलता आलं असतं. घाटात एवढं एकच पथ्य पाळलं. प्रत्येक वळणावर सातारा थोडं आणखी खाली जातं, समोर अजिंक्यतारा येतो आणि मग तोही खांद्याच्या उंचीला उतरतो.

यवतेश्वरानंतर घाट संपतो आणि रस्ता डोंगराच्या सोंडेवरून पश्चिमेला जायला लागतो. गणेशखिंड, पेट्री अशी नावं एकेक करून मागे पडतात. कासचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच आहे, साताऱ्याहून पाचशे मीटर वर. पण तुम्ही ते पाचशे मीटर एकदाच चढत नाही. रस्ता तीस मीटर वर नेतो, वीस मीटर खाली सोडतो, पुन्हा वर नेतो. लाटांसारखा. या लाटाच माणसाला दमवतात, कारण पायांना एक लय धरू देत नाहीत.

या लाटांवर चालवायची एक रीत मला हळूहळू कळली. उतारावर पाय मोकळे सोडून बसायचं नाही. उतार संपायच्या आधीच पेडलला जोर द्यायचा, मिळालेला वेग घेऊन समोरच्या चढात शिरायचं आणि वेग मेल्यावरच एकेक गिअर हलका करायचा. चढ दिसताक्षणी घाबरून एकदम हलक्या गिअरवर गेलं की हातातला वेग फुकट जातो. आणि माथा आला की थांबायचं नाही. आणखी दहा-बारा पेडल मारून माथ्यापलीकडे जायचं आणि मग श्वास घ्यायचा. माथ्यावर पाय सोडणं ही माझी जुनी खोड होती. ती या रस्त्याने मोडली.

आणि या सोंडेवर मला जे बघायचं होतं ते दिसलं. एका ठिकाणी डोंगर इतका निमुळता होतो की दोन्ही बाजूंची खोरी एकदम नजरेत येतात. उजवीकडे वेण्णेचं खोरं आणि त्यात कण्हेर धरणाचं पाणी. डावीकडे उरमोडीचं खोरं, धरणाचा निळा तुकडा आणि त्यामागे सपाट माथ्याचा सज्जनगड. मी सायकल रस्त्यावरून खाली घेऊन उभी राहिले. पावसाचा एक थेंब रस्त्याच्या या कडेला पडला तर वेण्णेतून माहुलीला कृष्णेत जातो. दोन हात पलीकडे पडला तर उरमोडीतून जातो आणि कऱ्हाडच्या वर कृष्णेला मिळतो. आणि मी जिथे निघाले होते तिथे पडलेला थेंब कोयनेचा. तो कऱ्हाडला प्रीतिसंगमावर येतो. तिन्ही वाटा शेवटी सांगलीतल्या आमच्या आयर्विन पुलाखाली.

नकाशात हे मी पन्नासदा पाहिलं असेल. पण पाण्याला वेगळं करणाऱ्या त्या रेघेवरून स्वतःच्या पायांनी सायकल चालवणं, कधी या खोऱ्याचा वारा गालावर घेत आणि कधी त्या, हे वेगळंच. मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

कासला पोचले तेव्हा साडेआठ झाले होते. फुलांचा हंगाम सरला होता. गवत पिवळं पडलेलं, मध्येच जांभ्या दगडाचा काळपट सडा उघडा. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासचाही समावेश आहे. तेव्हापासून सप्टेंबरमध्ये इथे गाड्यांची रांग लागते. गेंद, सीतेची आसवं, सोनकी यांनी रंगलेलं पठार मी एकदा गाडीतून येऊन पाहिलं आहे आणि ते प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पाहावं. पण सायकल घेऊन यायचं असेल तर माझं ऐका, फुलं संपल्यावर या. त्या सकाळी पठारावर मी, एक गुराखी आणि त्याच्या म्हशी, एवढेच होतो. दूरच्या गवतात चंडोल गात होता आणि तो सबंध पठारावर ऐकू येत होता.

पुढे कासचा तलाव. साताऱ्याला इंग्रजांच्या काळापासून याचं पाणी जातं, आणि तेही पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर. मी ज्या लाटांवर घाम गाळत आले त्याच डोंगराच्या अंगाने पाणी चढ टाळत, वळसे घेत शहरात पोचतं. अलीकडे धरणाची उंची वाढवली, तेव्हा तलावाकाठचा जुना रस्ता पाण्याखाली गेला. आता नवा रस्ता वरून फिरून जातो.

तलावानंतर झाडी दाट होते आणि बामणोलीचा उतार सुरू होतो. हा उतार जपून घ्यायचा. वळणांवर बारीक खडी पसरलेली असते, शेण असतं, आणि एखादी म्हैस नेमकी वळणाच्या पोटात उभी असते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचे. ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, म्हणून दाबायचे आणि सोडायचे. दोनदा थांबून मी रिमला हात लावून पाहिला. चटका बसला.

मग झाडीतून शिवसागर दिसला.

कोयनेचा हा जलाशय. पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटर असते. म्हणजे पाचशे मीटर चढून आणि पाचशे मीटर उतरून मी जवळजवळ साताऱ्याच्याच उंचीला आले होते. मध्ये फक्त डोंगर होता. १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं हे धरण. यातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. उरलेलं आमच्याकडे येतं.

बोटी सुटतात तिथे एका घरगुती खानावळीत नाचणीची भाकरी, पिठलं आणि खर्डा मागितला. ओट्यावर एक सत्तरीतले बाबा बसले होते. सायकलकडे बराच वेळ बघून म्हणाले, “कुठनं आला, ताई?”

“सांगलीहून. सायकल साताऱ्यापासून चालवली.”

“सांगली? मग आमचंच पाणी पिता की तुमी.”

मी हसून हो म्हटलं. त्यांनी पाण्याकडे हात केला. “त्या तिथं आमचं जुनं गाव. आज्ज्याची शेतं. पाणी लई खाली गेलं की बांध दिसत्यात अजून.” त्यांची दोन्ही मुलं नवी मुंबईत माथाडी. गणपतीला आणि होळीला येतात. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “पुराचं पाणी बी हितनंच येतं म्हणा तुमच्याकडं.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरात ते कमरेएवढं होतं. त्या दिवसांत आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून दर तासाला एकच विचारायचो, कोयनेतून किती सोडलं? कोयना म्हणजे तेव्हा फक्त एक आकडा होता. त्या आकड्याच्या तळाशी कुणाच्या आजोबांची शेतं आहेत हे कधी मनात आलं नव्हतं. मी बाबांना पुराबद्दल काहीच सांगितलं नाही. त्यांनी माझ्या बाटल्या मडक्यातल्या पाण्याने भरून दिल्या.

परतीचा चढ अकराच्या उन्हात घेतला. याबद्दल थोडक्यातच सांगते. झाडीने सावली दिली, पाण्याची एक अख्खी बाटली संपली आणि ताशी सात किलोमीटरने मी तलावापर्यंत आले. एकदा उतरून शंभर पावलं चालले. पेटके आले नाहीत. घाटात सकाळी राखलेला जोर आता कामी आला. सोंडेवर वारा समोरून नव्हता हे नशीब. पठारावर तो समोरून असला की लाटांचा चढ दुप्पट वाटतो. अडीचला आत्याच्या दारात होते. सायकलच्या मीटरवर चढ १४०० मीटरच्या पुढे गेला होता.

“पायात गोळे आले का?” आत्याने पहिलं तेच विचारलं. मग पाट मांडला.

दुसऱ्या दिवशी बोगद्यातून ठोसेघर आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत जायचं ठरवलं होतं, पण मन माहुलीला ओढत होतं. चाळकेवाडी पुढच्या खेपेला. सकाळी सावकाश उतरत संगम माहुलीला गेले. जुन्या मंदिरांच्या पायऱ्यांवर सायकल टेकवून बसले. वेण्णा एका अंगाने येत होती, संथ, गुडघाभर. काल उजव्या हाताला कण्हेरमध्ये जे चमकताना पाहिलं होतं, ते हे.

रेल्वे स्टेशन तिथून जवळच आहे. सायकलची चाकं काढून ती कव्हरमध्ये घातली आणि दुपारच्या गाडीने निघाले. कऱ्हाडनंतर खिडकीबाहेर पुन्हा ऊस सुरू झाला. समोरच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, पिशवीत काय आहे? मी त्याला सायकल दाखवली, आणि सांगली येईपर्यंत तो मला गिअर कसे बदलतात ते विचारत राहिला.