'शे' म्हणणारे विद्यार्थी आणि धडगावचे क्षेत्रकार्य

खानदेशातील एका समाजकार्य महाविद्यालयात मी एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य पाहते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत; त्यामुळे विद्यार्थ्यांना सातपुड्यात पाठवण्यापूर्वी भिल्ल, पावरा, मावची या समाजांची ओळख असावी, म्हणून पहिल्या वर्षी मी सणवार आणि विवाहपद्धती यांची टिपणे उतरवून दिली.

नंदुरबारमधल्या धडगाव तालुक्यातून आलेले अहवाल वाचून मला माझ्याच टिपणांची भीती वाटली. पावरा समाजात वरपक्ष वधूपक्षाला देज, म्हणजे वधूमूल्य, देतो, एवढेच मी सांगितले होते. एका विद्यार्थ्याने त्यावरून 'येथे मुली विकल्या जातात' असा निष्कर्ष काढला. आपल्याकडे हुंड्यासाठी मुलीचा बाप शेत गहाण टाकतो, हे त्याच्या मनातही आले नव्हते.

पुढच्या वर्षी टिपणे बंद केली आणि अहवालाच्या पानाचे दोन भाग पाडले: डावीकडे पाहिले-ऐकले ते, उजवीकडे मला वाटले ते. हे जमायला संपूर्ण सत्र गेले. मात्र खरा बदल घडला तो अहिराणीमुळे. धुळे-जळगावकडच्या गावांतील आमचे बरेच विद्यार्थी घरी अहिराणी बोलतात, पण 'आहे'ऐवजी 'शे' तोंडून निघाले की वसतिगृहात हसू होते, म्हणून वर्गात जपून बोलतात. एका गटचर्चेत मी सर्वांना अहिराणीतच बोलायला सांगितले. आधी कोणी बोलेना. मग एकेकाने शाळेतले अपमान सांगितले, आणि प्रमाण मराठीपुढे गप्प बसणारे पावरा मूल 'मठ्ठ' नसते, हे मला वेगळे समजावून द्यावे लागले नाही.

त्याच वर्गातील एका पावरा विद्यार्थिनीने मला नंतर एकटीला गाठून सांगितले, "मॅडम, आमच्याबद्दल काही निघालं की सगळे माझ्याकडेच बघतात." तिचे म्हणणे रास्त होते, आणि तेव्हापासून समाजाच्या वतीने उत्तर देण्याचे ओझे मी कोणावरही टाकत नाही. मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी १९९८ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी मांडलेली सांस्कृतिक नम्रतेची कल्पना, म्हणजे दुसऱ्याची संस्कृती शिकून संपते असे न मानता स्वतःला आयुष्यभर तपासत राहणे, मला या प्रसंगानंतर नीट कळली.

यंदाच्या एका अहवालात डावीकडे लिहिले आहे, 'आजीने तीनही प्रश्नांना उत्तर दिले नाही.' उजवी बाजू विद्यार्थ्याने कोरी ठेवली, आणि पुढच्या भेटीला तो पावरी बोलणाऱ्या अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन गेला.