पाच शिवराया आणि एक खड्डा

ऑनलाइन लिलावाच्या शेवटच्या अकरा सेकंदांत बोली चढवून मी तो लॉट घेतला. ‘शिवकालीन शिवराई, ५ नाणी, जुन्या संग्रहातून.’ बोली, साइटचं कमिशन आणि कुरिअर मिळून १४,८६० रुपये झाले. थेट बँकेतून पैसे पाठवले तर दोन टक्के सूट होती. मी क्रेडिट कार्ड वापरलं ते निव्वळ रिवॉर्ड पॉइंटसाठी. त्या हावरटपणानेच पुढे मला वाचवलं.

पाकीट आठव्या दिवशी आलं. नाणी हातात घेतली आणि काहीतरी खटकलं. शिवराई ठोकून पाडलेली असते: तांब्याचा तुकडा दोन छापांच्या मध्ये ठेवायचा आणि वरून घाव घालायचा. छाप मोठा, तुकडा लहान. त्यामुळे कुठे ‘श्री’ अर्धा बाहेर जातो, कुठे ‘छत्रपति’तला ‘ति’ उरतच नाही. दोन नाणी हुबेहूब कधी निघत नाहीत. माझ्या पाचांपैकी तिघांवर ‘राजा’तल्या ‘जा’च्या कान्याशेजारी खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा होता. तिन्हीवर त्याच जागी, तेवढाच. म्हणजे एकाच साच्यातून ओतलेली. भिंगाखाली कड पाहिली तर साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघही सापडली, कानशीने घासून लपवलेली.

विक्रेत्याला साइटवरून निरोप पाठवला. उत्तर नाही. मग साइटलाच ईमेल केला, तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: लिलावातली विक्री अंतिम असते. मी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा हवाला दिला. माल बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी लागते. पोच आली. पुढे काहीच आलं नाही.

कार्डाने दिलेल्या पैशांवर वाद असेल तर बँकेमार्फत ते परत मागता येतात, म्हणून बँकेला फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, मर्चंटशी, म्हणजे पैसे घेणाऱ्या साइटशी बोललात का? ते लेखी आहे का? तुम्ही माल परत करायची तयारी दाखवली होती का?” मी खड्ड्याबद्दल सांगायला लागलो, तर त्यांनी पुन्हा तेच तीन प्रश्न विचारले. शिवराई खरी की खोटी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना तारीखवार पत्रव्यवहार हवा होता. नशिबाने साइटला पहिल्याच दिवशी लिहिलेल्या ईमेलमध्ये शेवटी सवयीने ‘नाणी परत पाठवायला तयार आहे, पत्ता कळवा’ असं टाकलं होतं. ते एक वाक्य सगळ्या फोटोंपेक्षा भारी ठरलं.

मुदतीचीही एक गंमत आहे. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवस मिळतात, पण बँक त्याच्या आतली स्वतःची मुदत ठेवते. विक्रेता ‘बघतो, सांगतो’ करत राहिला की ते दिवस सरकतात. माझा तर उत्तरच देत नव्हता, म्हणून मी वाट पाहिली नाही.

डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत घेणारा अर्ज, बँकेच्या त्या बाईंनीच फोनवर भरून घेतला. बारा दिवसांनी खात्यात १४,८६० जमा दिसले, शेजारी ‘तात्पुरते’ असा शब्द. मी आनंदाने घरी सांगितलं. बायको म्हणाली, “तात्पुरते म्हणजे खर्च करू नकोस.” बिलाची तारीखही मध्येच येऊन गेली होती, तेव्हा मी ती रक्कम वगळून भरणार होतो. तिने पूर्ण बिल भरायला लावलं. बरं झालं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि वाद चालू आहे म्हणून ते आपोआप थांबेलच असं नाही.

महिन्याभराने ते पैसे परत गेले. कारण: ‘मर्चंटने डिलिव्हरीचा पुरावा सादर केला.’ कुरिअरच्या पावतीवरची माझीच सही! पण मी माल मिळाला नाही असं म्हटलंच नव्हतं. फॉर्मची प्रत मागवली तेव्हा उलगडा झाला. फोनवर भरताना ‘वस्तू मिळाली नाही’ या चौकटीवर खूण झाली होती. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ आणि ‘बनावट’ या चौकटी त्याच्या खालीच, रिकाम्या.

आता मात्र बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवलं. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, हेही त्यात घातलं. उत्तर चौथ्या दिवशी आलं. चूक मान्य, प्रकरण योग्य सदराखाली पुन्हा पाठवतो, पण नाणी बनावट असल्याचं जाणकाराचं पत्र द्या. तुमचं स्वतःचं म्हणणं चालणार नाही.

आमच्या ओळखीचे एक काका चाळीस वर्षं जुन्या नाण्यांचा व्यवहार करतात. त्यांनी पहिलं नाणं टेबलावर वाजवूनच बाजूला ठेवलं. “ओतीव आहे रे. हे घेताना तू झोपला होतास का?” मी शेवटच्या अकरा सेकंदांबद्दल काही बोललो नाही. त्यांनी लेटरहेडवर अर्ध्या पानाचं पत्र लिहून दिलं: पाचही नाण्यांची वजनं, तीन नाण्यांवरचा समान खड्डा, कडेची रेघ, खाली सही-शिक्का. पैसे घेतले नाहीत, पण तासभर त्यांचे अल्बम बघावे लागले. तीन नाण्यांचे खड्डे लाल वर्तुळात दाखवणारा एकच फोटो मी पत्राला जोडला. पहिल्या वेळी सतरा पाठवले होते, ते कोणी उघडले असतील असं वाटत नाही.

साइटने दुसऱ्यांदा काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, बँक ते दाखवत नाही. खरेदीनंतर एकशे अठराव्या दिवशी संदेश आला: रक्कम कायमची जमा. त्याच बिलात या खरेदीवर मिळालेले २९७ पॉइंट वजा झालेले होते.

नाणी परत मागणारा ईमेल अजून आलेला नाही. काकांनी त्यातलं एक मागून घेतलं, नवीन पोरांना दाखवायला. बाकीची चार कपाटात आहेत, पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘ओतीव’ लिहून.