१६० फुटांची खोली आणि सोळाची लेन्स

माझं पोट वाइड लेन्सवर, म्हणजे एका फ्रेममध्ये खूप रुंद भाग घेणाऱ्या लेन्सवर चालतं. फ्लॅट विकणारे, भाड्याने देणारे, इंटिरिअरवाले अशांसाठी मी खोल्यांचे फोटो काढतो. एजंट मंडळींचं मागणं एकच, "सर, रूम मोठी दिसली पाहिजे." त्यासाठी फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, १६ मिमीची लेन्स लावायची (हा आकडा जितका लहान, तितकं जास्त कवेत येतं), कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवून लेव्हल पाहायची म्हणजे भिंती कलत नाहीत, आणि कोपऱ्याला पाठ लावून उभं राहायचं. बाकी काम लेन्स करते.

मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीतलं काम निराळं होतं. पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळणार, पण सध्याची १६० फुटांची खोली सोडण्याआधी तिच्यात सगळ्यांचा एक फोटो हवा, असं तिथल्या काकांच्या मुलाने फोनवर सांगितलं. गेलो आणि सवयीने सोळा लावली. दुसरा इलाजही नव्हता. दारात उभं राहून पन्नास मिमीची लेन्स लावली तर दहा फुटांवर जेमतेम सव्वासात फुटांचा पट्टा फ्रेममध्ये येतो. सोळाला तिथेच साडेबावीस फूट. कपाट, कॉट, ओटा, पोटमाळा, सगळं आलं.

वाइडमध्ये कडेला माणूस बसवायचा नाही. कडेचं डोकं लांबट होतं, दंड फुगतात. पण आत्याबाई खिडकीजवळची खुर्ची सोडेनात आणि त्यांना "सरका" म्हणायची घरात कोणाची टाप नव्हती. शेवटी "उजेडाचा त्रास होतोय" म्हणून मीच खुर्ची आत ओढली.

लॅपटॉपवर फोटो उघडला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाले, "एवढी ऐसपैस होती, तर आमची पोरं पॅसेजमध्ये का झोपायची?"

मुलगा हसला. मला काही उत्तर सुचेना.

वाइड लेन्स खोली ताणते असं आमच्या धंद्यातलेही बिनदिक्कत सांगतात. खरं तर जवळचं किती मोठं आणि लांबचं किती लहान दिसणार, हे कॅमेरा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. सोळा तुम्हाला सगळं कवेत घेऊन जवळ उभं राहू देते, म्हणून कॉटची कड अंगावर येते आणि समोरची भिंत लांब पळते. पन्नासला मागे सरकायला जागा लागते. आणि जागा नाही, हीच तर त्या घराची कथा. फोनचा नेहमीचा कॅमेराही या हिशेबात २४-२६ मिमीच्या आसपास, म्हणजे वाइडच. लोकांची नजरच तशी झालीय. पन्नासचा फोटो दाखवला की विचारतात, "कापलात का?"

बीडीडीत पॅसेज मधोमध आणि या मजल्यावर दारं समोरासमोर. समोरच्या काकूंनी पाण्याचं पिंप हलवून उंबरठ्याच्या आत ट्रायपॉडपुरती जागा करून दिली. तिथून काकांचं दार साधारण नऊ फूट. पन्नास लावून कॅमेरा उभा धरला की दाराची चौकट बरोबर फ्रेममध्ये बसते, आणि तिच्या आत मागच्या भिंतीचा आठेक फुटांचा भाग. माणसं शेजारीशेजारी मावत नाहीत, म्हणून एकामागे एक बसवली: पोरं जमिनीवर, काका आणि आत्याबाई कॉटवर, बाकीचे मागे उभे. पॅसेजमधून बादल्यांची ये-जा चालूच. "एक मिनिट, फोटो चाललाय" असं ओरडायचं काम काकूंनी आपणहून घेतलं.

हा फोटो मला आवडला. पोटमाळ्यावरच्या बॅगा, देव्हारा, टीव्ही, माणसं, सगळं एकमेकांना खेटून. काका म्हणाले, "आता कसं!"

सूनबाई वाकून बघत होत्या. "आणि ओटा कुठाय? लग्न झाल्यापासून मी तिथेच उभी आहे."

ओटा चौकटीच्या बाहेर राहिला होता. सोळाच्या फोटोत तो होता, पार शेगडीमागच्या तेलकट टाइलसकट. मधला मार्ग म्हणून दारातून ३५ लावून पाहिली. अर्धा ओटा आला, त्यासाठी आत्याबाई अर्ध्या कापल्या गेल्या. आत्याबाईंना कापण्याइतका मी वेडा नाही.

त्या घराचा खरा फोटो कोणता, यावर मी अजून माझ्याशीच भांडतोय. काकांनी पन्नासची मोठी प्रिंट सांगितली, सूनबाईंनी तेवढीच मोठी सोळाची. पैसे मुलगा देणार आहे आणि तो सध्या माझा फोन उचलत नाही.