चेंडू तर जागेवरच असतो

"मामा, तुझा चेंडू तर जागेवरच असतो. कुणी तो तुझ्या अंगावर मारत नाही, कुणी आडवं येत नाही, वेळही हवा तेवढा मिळतो. मग घाम कशाचा फुटतो?"

गोल्फ खेळतो म्हटलं की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. पण इतका नेमका तो माझ्या भाचीनेच विचारला. ती बॅडमिंटन खेळते. समोरून शटल येतं तेव्हा तिला विचार करायला सवडच नसते. तिला मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. त्यानंतर तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी तेच विचारलंत, म्हणून आता नीट लिहितो. मी मानसशास्त्रज्ञ नाही. 14 हँडिकॅपचा, म्हणजे पारपेक्षा (मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) साधारण 14 फटके जास्त घेणारा हौशी खेळाडू आहे. भोगलेलं बरंच आहे आणि त्यापायी वाचलेलंही.

तर, चेंडू जागेवर असतो हीच खरी अडचण आहे.

जरा हिशेब करू. 18 होलच्या राउंडला चार तास तरी लागतात. त्यात माझे फटके 86च्या आसपास. एका फटक्याला, काठी मागे न्यायला सुरुवात केल्यापासून चेंडूला लागेपर्यंत, साधारण एक सेकंद जातो. म्हणजे चार तासांत मी प्रत्यक्ष खेळतो ते फार तर दीड मिनिट. उरलेला सगळा वेळ मी चालतो आणि डोक्यात दळण दळत असतो. त्या एका सेकंदातही काठी वरून खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहून हाताने काही करायचं तर माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे काठी खाली निघाली की आता मनगट सरळ करू, खांदा आवरू असं काही ठरवून करता येत नाही. जे व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं. ते सरावाने मेंदूत खोल बसलेलं असतं, लहान मेंदू आणि बेसल गँग्लिया या भागांत, जिथे शब्द पोचत नाहीत.

आणि आपण तिथे शब्दच पाठवत असतो.

सियान बायलॉक आणि थॉमस कार या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2001 साली प्रसिद्ध केलेलं संशोधन मला या सगळ्याची किल्ली वाटतं. त्यांनी मुरलेल्या आणि नवख्या अशा दोन्ही खेळाडूंना पट मारायला लावले. पट म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू घरंगळत होलमध्ये घालायचा फटका. मग विचारलं, आत्ताचा पट तुम्ही नेमका कसा मारलात? पट साधारण कसा मारतात हे मुरलेल्यांनी भरभरून सांगितलं, पण आत्ताच मारलेल्या पटाबद्दल त्यांना फारसं आठवेना. नवख्यांना जास्त आठवत होतं. पुढची गंमत अशी की संशोधकांनी एक वेडावाकडा पटर, म्हणजे पट मारायची काठी, बनवला, दांडा एस अक्षरासारखा वाकवलेला आणि वर वजन लावलेलं. तो हातात दिल्यावर मुरलेल्यांनाही एकेक पट आठवायला लागला, कारण आता त्यांना लक्ष देऊन मारावं लागत होतं. लक्षाशिवाय होतं म्हणून आठवणही राहत नाही.

पुढच्या वर्षीच्या प्रयोगात याच गटाने मुरलेल्या खेळाडूंचं लक्ष एकदा कानावर पडणाऱ्या आवाजांकडे वळवलं आणि एकदा स्वतःच्या फटक्याकडे. आवाज ऐकत मारताना त्यांचं काही बिघडलं नाही. फटक्याकडे लक्ष दिल्यावर बिघडलं. नंतर त्यांना घाईने मारायला सांगितलं, तर ते आणखी बरे खेळले. नवख्यांचं अगदी उलट. त्यांना स्वतःच्या हालचालीकडे बघावंच लागतं. त्यामुळे "विचारच करू नकोस" हा सल्ला नवशिक्याला दिला तर तो त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्याकडे सोपवून द्यायला अजून काही जमलेलंच नसतं.

मी या दोघांच्या मधे कुठेतरी लटकलेला आहे. सरावाच्या वेळी मुरलेला, स्पर्धेच्या वेळी नवखा. एका साध्या क्लबच्या स्पर्धेत शेवटच्या होलवर तीन फुटांचा पट उरला होता. तो गेला तर आमची जोडी जिंकणार होती. असला पट मी सरावात गप्पा मारत घालतो. त्या दिवशी मी तो चार बाजूंनी पाहिला, दोनदा उभा राहिलो, एकदा मागे आलो, आणि मग मला माझा उजवा अंगठा दिसला. हा इथेच असतो का, असं मनात आलं. चेंडू होलच्या डाव्या कडेला चाटून पुढे गेला. आज इतक्या वर्षांनंतरही त्या पटाचा कण न् कण मला आठवतो. वर सांगितलेल्या प्रयोगाच्या भाषेत, माझं काय चुकलं ते यातच आलं.

इंग्लंडमधल्या रिचर्ड मास्टर्स यांनी 1992 साली याला दुसऱ्या बाजूने हात घातला. काहींना त्यांनी पटिंग नियमांसकट शिकवलं. काहींना शिकताना सतत मनाला येतील ती अक्षरं मोठ्याने म्हणायला लावली, म्हणजे नियम बनवायला डोकं मोकळंच राहू नये. ही अक्षरवाली मंडळी एकूणात काही फार चांगली खेळत नव्हती. पण मुद्दाम ताण दिल्यावर नियमवाले अडखळले आणि हे मात्र डगमगले नाहीत. ज्याच्याकडे नियम नाहीत त्याला ऐन वेळी आठवायलाही काही नसतं.

मेंदूच्या आत डोकावून पाहिल्यावर काय दिसतं? एमआरआयच्या नळीत काठी फिरवता येत नाही, त्यामुळे जॉन मिल्टन आणि सहकाऱ्यांनी 2007च्या अभ्यासात व्यावसायिक महिला गोल्फपटूंना आणि नवख्यांना फटक्याआधीची तयारी फक्त मनात करायला सांगितली. नवख्यांच्या मेंदूत भीती आणि भावनांशी जोडलेला अमिग्डालाचा भागही जागा झाला होता. व्यावसायिक खेळाडूंमध्ये तो शांत होता. त्यांच्यात जागा आणि दिशा जोखणारे, हालचालीची आखणी करणारे मोजकेच भाग काम करत होते. आपली समजूत अशी असते की मोठा खेळाडू म्हणजे मेंदू शंभर टक्के पेटवणारा. इथे तर निम्मे दिवे मालवलेले निघाले.

"पाण्यात मारू नकोस" या वाक्याबद्दलही सांगायलाच हवं, कारण ते मी स्वतःला आजही म्हणतो. डॅनियल वेग्नर यांनी 1998च्या एका प्रयोगात लोकांना बजावलं की चेंडू ठरलेल्या खुणेच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सोबत काहींना एक सहा आकडी संख्या डोक्यात धरायला लावली. डोक्यावर तो भार असलेल्यांचा चेंडू नेमका पुढेच जाऊ लागला. जे टाळायचं त्यावर मनाचा एक कोपरा सतत पहारा ठेवतो, आणि आवरणारा कोपरा दमला की पहारेकऱ्याचंच राज्य येतं. म्हणून चांगले कॅडी, म्हणजे खेळाडूच्या काठ्या वाहणारे साथीदार, तळ्याचं नावच काढत नाहीत. पलीकडचं एखादं झाड दाखवतात.

मोठ्यांचंही असं होतं का? होतं, आणि सगळ्या जगासमोर होतं. 1999च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीला ज्याँ व्हॅन डी व्हेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला, तिथे सात फटके घेतले आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, हरला. रोरी मॅकलरॉयने 2011च्या मास्टर्स स्पर्धेत चार फटक्यांच्या आघाडीवरून शेवटच्या दिवशी 80 फटके घेतले. दोनच महिन्यांनी तो यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकला. म्हणजे हात तेच होते. पण ते मास्टर्स त्याच्या हाती लागायला 2025 उजाडलं, आणि तेही साधेपणाने नाही. शेवटच्या होलवर जिंकून देणारा सुमारे पाच फुटांचा पट हुकला. मग थोड्याच वेळात, त्याच होलवर, प्लेऑफमध्ये त्याने बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, घातली. त्या मधल्या मिनिटांत त्याच्या डोक्यात काय चाललं असेल हे जाणून घ्यायला मी माझ्या सगळ्या काठ्या द्यायला तयार आहे.

बर्डीवरून आठवलं. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वायट्झर या दोघांनी व्यावसायिक स्पर्धांमधले 25 लाखांहून अधिक पट तपासले. निष्कर्ष असा की तेवढ्याच अंतराचा पट पारसाठी असेल तर जास्त वेळा आत जातो आणि बर्डीसाठी असेल तर कमी वेळा. खरं तर दोन्हींची किंमत एकच फटका. पण पार हुकला की बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, होते; ते नुकसान वाटतं. बर्डी हुकली तर पार तरी राहतो. टायगर वुड्सही याला अपवाद नव्हता.

सगळंच विचारांचं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. 'यिप्स' नावाचा प्रकार असतो, ज्यात छोट्याशा पटाच्या वेळी मनगटाला अचानक झटका बसतो. काहींच्या बाबतीत तो फोकल डिस्टोनिया, म्हणजे लेखकांच्या बोटांना येणाऱ्या पेटक्यांसारखा चेतासंस्थेचा विकार असतो. बर्नहार्ड लँगरला यिप्सने पुन्हा पुन्हा गाठलं, तरी तो दोनदा मास्टर्स जिंकला. अशा माणसाला "मन शांत ठेव" म्हणणं म्हणजे लंगडणाऱ्याला ताठ चाल म्हणण्यासारखं आहे. धडधड कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं गोल्फच्या स्पर्धांमध्ये निषिद्ध आहेत, त्यावरून हा खेळ हृदयापर्यंत कसा पोचतो ते कळेल.

आणि विज्ञानाच्या नावाने येईल ते सगळं मी खिशात घालत नाही. 2010 साली जर्मनीतून एक प्रयोग आला होता, चेंडू 'लकी' आहे असं सांगितलं की लोक जास्त पट घालतात म्हणे. पुन्हा करून पाहिल्यावर तसं काही आढळलं नाही. माझा लकी चेंडू त्याआधीच तळ्यात गेला होता.

एक गोष्ट मात्र मी उचलली. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी 1992 साली खेळाडूंची नजर मोजली. चांगले पट मारणारे फटक्याआधी चेंडूवरच्या एकाच जागी दोन-तीन सेकंद नजर ठेवतात आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर तिथेच बघत राहतात. बाकीच्यांची नजर चेंडू, होल, पटर अशी उड्या मारते. याला 'क्वायट आय' म्हणतात. मला वाटतं याचा मोठा फायदा असा की डोळ्यांना काम मिळतं आणि जिभेला मिळत नाही. आता मी चेंडूच्या मागच्या बाजूचा एक खळगा निवडतो, त्याच्याकडे बघतो आणि मारतो. अंगठ्याकडे बघत नाही. निदान बहुतेक वेळा.

भाचीला शेवटी मी ग्रीनवरच घेऊन गेलो. पटर हातात दिला, धरायचा कसा तेही सांगितलं नाही. तिने दहा फुटांवरून होलकडे एकदा बघितलं आणि पहिलाच चेंडू आत घातला. व्यावसायिक खेळाडूसुद्धा तिथून निम्म्याहून अधिक वेळा हुकतात. मी टाळ्या वाजवल्या. तिने दुसरा चेंडू ठेवला, वाकली, आणि मग मान वर करून म्हणाली, "थांब हं मामा. मघाशी मी हात कसे धरले होते?"